क्रीमच्या डबीत सोने किती आणि घडणावळ किती

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४७ आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना वाढदिवसाला एका परदेशी क्रीमची ५० ग्रॅमची डबी दिली, जिची छापील किंमत १९,००० रुपये आहे. तीन आठवडे रोज लावल्यावर चेहरा मऊ वाटतो, परंतु गालांवरचे वांग आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा जशाच्या तशा आहेत. डबी अजून पाऊण शिल्लक आहे. ती संपल्यावर पुन्हा तीच घ्यावी का, इतक्या किमतीत काही तरी खास असलेच पाहिजे की नाही, आणि नसेल तर त्याऐवजी काय लावावे, असे त्यांनी विचारले आहे. खोक्यावरची घटकांची यादीही त्यांनी अक्षरशः उतरवून पाठवली आहे, आणि हे फार चांगले केले, कारण त्यामुळे मला अंदाजाने बोलावे लागणार नाही.

थेट उत्तर आधी देते. ती डबी पुन्हा घेऊ नका. चेहरा मऊ होणे हा तिचा खरा गुण आहे आणि तो तुम्हाला मिळाला. परंतु तेवढा गुण मेडिकलवर चारशे रुपयांना मिळणाऱ्या साध्या क्रीममध्येही असतो. वांग आणि रेषा यांच्यावर जे घटक काम करतात, ते तुमच्या डबीत एकतर नाहीत किंवा नावापुरते आहेत, आणि बाहेर ते बऱ्याच कमी पैशांत मिळतात.

मी जळगावात २६ वर्षे त्वचारोगांची प्रॅक्टिस करते आहे. हाच प्रश्न मला पारोळ्याच्या एका आजींनी अहिराणीत विचारला होता. नातवाने दुबईहून आणलेली डबी पदराच्या गाठीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, इतली महाग शे, ते चांगलीच व्हई ना?" हा तर्क चुकीचा आहे असे त्यांना एका वाक्यात सांगता येईना, कारण बाजारातल्या बहुतेक गोष्टींना तो लागू पडतो. महाग बियाणे, महाग पाइप, महाग चप्पल यांत सहसा काही तरी अधिक असते. क्रीममध्येही असते, फक्त ते कोणत्या बाजूला अधिक असते, हे पाहावे लागते.

जळगावच्या सराफ बाजारात आपण पाटल्या करायला टाकतो तेव्हा पावतीवर सोन्याचे वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ ही सगळी वेगवेगळी लिहिलेली असतात. घडणावळ जास्त वाटली तर आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो, कारण दागिना मोडायची वेळ आली तर घडणावळ परत मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. क्रीमच्या डबीवर मात्र एकच आकडा छापलेला असतो. त्यात औषधी घटक किती रुपयांचे, जाड काचेची डबी किती रुपयांची, सुगंध, जाहिरातीतील नटी, विमानतळावरच्या दुकानाचे भाडे आणि वितरकाचा नफा किती, हे वेगळे करून कोणी दाखवत नाही. म्हणून ते वेगळे करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि त्याला तुम्ही उतरवलेली यादी पुरेशी आहे.

भारतातील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता तुमची यादी पाहू. पहिल्यांदा पाणी, मग ग्लिसरीन, मग डायमेथिकोन नावाचे सिलिकॉन, शिया बटर, चरबीयुक्त अल्कोहोल, मग फिनॉक्सीएथेनॉल, सुगंध, आणि त्यानंतर मोत्याची भुकटी, कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन), दोन पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे), कसल्याशा पर्वतीय फुलाचा अर्क आणि शेवटी सोने. यातील फिनॉक्सीएथेनॉल हे क्रीम टिकवणारे रसायन आहे आणि ते एक टक्क्यापर्यंतच वापरता येते. म्हणजे यादीत त्याच्या नंतर जे जे आले आहे, ते एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत ज्यांची नावे आहेत, ते सगळे मानकरी फिनॉक्सीएथेनॉलच्या मागे उभे आहेत. पुढे बसलेत ते पाणी, ग्लिसरीन आणि सिलिकॉन.

ही मंडळी वाईट नाहीत, हे लगेच सांगितले पाहिजे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, शिया बटर त्वचेच्या भेगा भरते, आणि सिलिकॉन वरून पातळ पडदा धरून ओल उडू देत नाही. कोणत्याही चांगल्या मॉइश्चरायझरला ही तीन कामे करावी लागतात. कोरड्या त्वचेवर ज्या बारीक रेषा दिसतात, त्यांतील बऱ्याच केवळ पाणी कमी झाल्यामुळे उमटलेल्या असतात. वरचा थर ओला झाला की तो किंचित फुगतो आणि त्या रेषा तासाभरात पुसट होतात. सिलिकॉन उरलेल्या खाचांत बसते आणि काही क्रीममध्ये असलेली अभ्रकाची चमक प्रकाश पसरवते, त्यामुळे आरशात लगेच फरक दिसतो. हा फरक खोटा नसतो, परंतु तो दुसऱ्या दिवशी तोंड धुईपर्यंतचा असतो.

खोलवर काही पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरचा मृत पेशींचा थर साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना असून पेशी या विटा आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले हा त्यांच्यामधला गिलावा असतो. बाहेरचे काही आत येऊ नये हेच या भिंतीचे काम आहे, आणि आपण विकत आणलेल्या क्रीमसाठी ती अपवाद करत नाही. सन २००० मध्ये दोन डच संशोधकांनी एक नियम मांडला, जो आजही ढोबळ मानाने मानला जातो: ज्या रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) अधिक आहे, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. कोलॅजनच्या रेणूचे वजन सुमारे तीन लाख डाल्टन, म्हणजे या मर्यादेच्या सहाशे पट असते. कोलॅजनची क्रीम लावून त्वचेतील कोलॅजन वाढेल असे म्हणणे म्हणजे कापसाने भरलेला ट्रक घराच्या खिडकीतून आत घेण्यासारखे आहे. ते वर बसून ओल धरते, एवढेच. सोन्याचेही तसेच, धातूचे कण त्वचेत जाऊन तिला तरुण करत नाहीत. उलट सोन्याची ॲलर्जी असणारे लोक आहेत, आणि २००१ मध्ये अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने सोन्यालाच त्या वर्षीचा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून निवडले होते. ज्या खानदेशी बायकांच्या कानांना आणि मानेला सोन्याने खाज सुटते, त्यांनी सोन्याच्या फेशियलच्या वाटेला जाऊ नये.

गंमत अशी की जे रेणू आकाराने लहान आहेत आणि ज्यांच्याविषयी चांगला पुरावा आहे, ते जवळजवळ सगळे जुने आणि स्वस्त आहेत. ग्लिसरीन ९२ डाल्टन, नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) १२२, व्हिटॅमिन सी १७६, ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए चे एक रूप) ३००. यांच्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. त्यामुळेच बहुधा त्यांची नावे सोनेरी अक्षरांत छापण्याचा उत्साहही कमी असतो.

खूप महाग क्रीमची एक प्रसिद्ध कथा सांगते, कारण ती उघड माहितीत आहे. क्रेम द ला मेर ही क्रीम मॅक्स ह्युबर नावाच्या शास्त्रज्ञाने, प्रयोगशाळेतील स्फोटात भाजल्यावर, १२ वर्षे आणि ६,००० प्रयोग करून तयार केली असे कंपनी सांगते. १९९५ मध्ये एस्टे लॉडरने ती विकत घेतली. तिच्या मूळ क्रीमच्या छापील यादीत शैवालाच्या अर्कानंतर लगेच खनिज तेल, पेट्रोलियम जेली आणि ग्लिसरीन येतात. निळ्या डबीतील निव्हिया १९११ पासून बाजारात आहे आणि तिच्या यादीत पाणी, लिक्विड पॅराफिन, मेण, ग्लिसरीन आणि लोकरीच्या चरबीपासून काढलेले अल्कोहोल येते. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर नात्यातल्या दोघी बहिणी वाटाव्यात. कंपनीचे म्हणणे असे की सारा गुण आंबवलेल्या शैवालाच्या अर्कात आहे. ज्याला ते पटते त्याने जरूर घ्यावी. माझ्या मते मात्र तिथे घडणावळ सोन्याहून बरीच जड झालेली आहे. (जाता जाता, निव्हिया हे नाव बर्फासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे, आणि आपल्याकडेही १९१९ मध्ये पाटणवालांनी मुंबईत काढलेल्या अफगाण स्नोमुळे आजीच्या पिढीत प्रत्येक क्रीमला 'स्नो'च म्हणत. चेहऱ्याला लावायच्या वस्तूंना बर्फाची नावे देण्याची हौस भुसावळच्या मे महिन्यात बसून समजते.)

आता तुमच्या डबीचा हिशेब. बोटाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि चेहरा व मान यांना मिळून अशी अडीच पेरे, म्हणजे सव्वा ग्रॅम क्रीम लागते. या मापाने ५० ग्रॅमची डबी ४० वेळांना पुरते आणि एका वेळेचे ४७५ रुपये होतात. तीन आठवड्यांनंतर तुमची डबी पाऊण शिल्लक आहे, याचा अर्थ तुम्ही रोज सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या निम्मीही लावत नाही. यात तुमचा दोष नाही. ३८० रुपये ग्रॅमची वस्तू हात आखडूनच लावली जाते. मीही तेच केले असते. परंतु चारशे रुपयांना मिळणारी १०० ग्रॅमची साधी क्रीम त्याच मापाने ८० वेळांना पुरते, एका वेळेला पाच रुपये पडतात, आणि ती माणूस मनमोकळेपणाने लावतो. महाग क्रीमचा मला सर्वांत मोठा तोटा हाच वाटतो की ती पुरवून पुरवून वापरली जाते.

काही वर्षांपूर्वी मी हे स्वतःवर करून पाहिले. भाचीने आणलेली अशीच एक महाग डबी आणि सेरामाइड व ग्लिसरीन असलेली मेडिकलवरची एक ट्यूब घेऊन आठ आठवडे एक डाव्या गालाला आणि दुसरी उजव्या गालाला, मोजून सारखीच लावली. कोणत्या गालाला काय, हे घरात कोणाला सांगितले नव्हते. शेवटी विचारले तेव्हा यजमान म्हणाले डावा गाल उजळला आहे, सासूबाई म्हणाल्या उजवा, आणि दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "मॅडम, दोन्ही सारखेच, पण तुम्ही झोपत नाही नीट." एका माणसावरची ही चाचणी शास्त्र म्हणून काहीच सिद्ध करत नाही, हे मान्य आहे. वास मात्र महाग डबीचा फारच सुरेख होता.

शास्त्रशुद्ध चाचण्यांकडे वळायचे तर २००९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली एक चाचणी मी नेहमी उदाहरणादाखल सांगते. ब्रिटनमधील औषधांच्या दुकानांत मिळणारी, ऐपतीतली एक क्रीम त्यांनी ६० जणांवर तपासली. निम्म्यांना खरी क्रीम, निम्म्यांना तिचाच विशेष घटक काढून घेतलेला पाया. सहा महिन्यांनी खऱ्या क्रीमच्या गटात ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली आणि नुसता पाया लावणाऱ्यांत २२ टक्के. पहिली गोष्ट, तपासणीला उतरलेली ही क्रीम आलिशान वर्गातली नव्हती. दुसरी आणि माझ्या मते अधिक बोलकी गोष्ट म्हणजे, काहीही विशेष नसलेल्या पायानेच पाचांतील एकाहून अधिक जणांना फरक दाखवला. जाहिरातीत जेव्हा '९० टक्के महिलांना चार आठवड्यांत त्वचा तरुण वाटली' असे लिहिलेले असते, तेव्हा त्यांची तुलना अशा नुसत्या पायाशी केली होती का, एवढे विचारावे. बहुतेक वेळा ती महिलांना वाटलेली गोष्ट असते, मोजलेली नसते.

मग वांग आणि रेषा यांचे काय करावे? इथे मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे आणि सगळ्यात कमी नवलाईचे आहे, कारण पहिले उत्तर ऊन हेच आहे. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचे चेहरे कधी निरखून पाहा. खिडकीकडचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला व अधिक सुरकुतलेला असतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असते, म्हणून तिथे हे उलटे दिसते. २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र २०१२ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, त्यात डावा अर्धा चेहरा उजव्यापेक्षा कितीतरी वर्षे म्हातारा दिसतो. माणूस एकच, वय एकच, खाणेपिणे एकच, फरक फक्त काचेतून आलेल्या अतिनील किरणांचा. काच त्वचा भाजणारे किरण अडवते, परंतु कोलॅजन तोडणारे अतिनील 'अ' किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते.

सनस्क्रीनने हे रोखता येते याचा पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर या गावातून आला. तिथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांचा साडेचार वर्षे अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले: रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे म्हातारपण, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी आढळले. वापरलेले सनस्क्रीन साधे, एसपीएफ १५ च्या घरातले होते (एसपीएफ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपासून किती संरक्षण मिळते, त्याचा आकडा). महाग क्रीमच्या बाजूने इतका मोठा आणि इतका लांब चाललेला अभ्यास मला तरी कोणी दाखवलेला नाही.

आपल्याकडे मात्र सनस्क्रीन नखभर घेऊन चोळले जाते. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन ठरवलेला असतो. निम्म्याने लावले तर छापील आकड्याचे संरक्षण मिळत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढे चेहरा आणि मान यांना लागते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के दाहक किरण अडवते, त्यामुळे शंभरच्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. अतिनील 'अ' किरणांपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या पीए या अक्षरांपुढे तीन-चार अधिक चिन्हे आहेत का, ते पाहावे. तुम्हाला वांग असल्यामुळे एक विशेष सूचना करते. वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोहाची भस्मे, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन लागते. ५० ग्रॅमची ट्यूब साधारण पाचशे ते आठशे रुपयांत मिळते आणि दिवसातून एकदा नीट लावली तर सव्वा महिना जाते. शाळेच्या मैदानावर कवायत घ्यायची असेल त्या दिवशी दोनदा लावावी.

आणि स्कार्फ बांधायला लाजू नये. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल आवळतात, त्या शर्टाची बरोबरी माझ्या कपाटातील कोणतीही ट्यूब करणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असताना घामाने सनस्क्रीन दोन तासांत ओघळते. कापड ओघळत नाही.

दुसरे उत्तर ट्रेटिनॉइन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन हे मुरमांसाठी ते वापरत असताना, वयस्क रुग्णांची त्वचा तुकतुकीत होत असल्याचे त्यांना आढळले; १९८६ मध्ये त्यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा परिणाम प्रसिद्ध केला आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्वचेत नवे कोलॅजन तयार करायला लावणारे, वर्षानुवर्षे तपासले गेलेले असे दुसरे लेप-औषध नाही. ०.०२५ टक्क्यांची २० ग्रॅमची ट्यूब शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते आणि वाटाण्याएवढे पुरत असल्याने दोन महिने सहज जाते. मात्र हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि गरोदरपणात तर अजिबात लावू नये. पहिले महिना-दीड महिना त्वचा सोलते, लाल होते, चुरचुरते, आणि याच टप्प्यावर निम्म्या बायका ते सोडून देतात. मी खानदेशात ते मे महिन्यात कधीही सुरू करत नाही. आषाढात हवेत ओल आली आणि उन्हाचा जोर उतरला की आठवड्यातून दोन रात्री सुरू करते, वर साधी क्रीम लावायला सांगते, आणि दिवाळीपर्यंत एकाआड एक रात्रीवर आणते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. हे मी पहिल्याच भेटीत वहीवर लिहून देते, नाही तर तिसऱ्या आठवड्यात फोन येतो.

ज्यांना ट्रेटिनॉइन सोसत नाही त्यांच्यासाठी रेटिनॉल हे त्याचे सौम्य भावंड आहे. नायसिनामाइड २ ते ५ टक्के आणि ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्के हे वांगासाठी उपयोगी असून खिशाला जड नाहीत. पेप्टाइडांचा पुरावा अजून पातळ आहे. क्लिगमन यांनीच रूढ केलेला 'कॉस्मेस्युटिकल' हा शब्द तुम्हाला महाग डब्यांवर वारंवार दिसेल, परंतु आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात असा तिसरा वर्ग नाही. वस्तू एकतर औषध असते किंवा दिसणे बदलणारे प्रसाधन. मधला शब्द दुकानदारीचा आहे.

मी स्वस्ताचा पक्ष घेते आहे असे वाटू नये म्हणून स्वस्ताची काळी बाजूही सांगते, आणि खानदेशात मला महाग क्रीमपेक्षा तिचीच भीती अधिक वाटते. बाजाराच्या दिवशी, पार्लरमध्ये किंवा मेडिकलवर 'गोरे होण्याची ट्यूब' म्हणून पन्नास-साठ रुपयांत जे मिळते, त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून शेजारीण शेजारणीला सांगते. सहा महिन्यांनी त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसतात, गालांवर लव वाढते, मुरूम येतात, आणि लावणे थांबवले की आग होते म्हणून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असे स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीचे बंधन कडक केले, तरी चिठ्ठी मागणारे काउंटर आजही मोजकेच. पाऱ्याच्या क्रीमचे प्रकरण याहून वाईट आहे. प्रसाधनात नकळत राहिलेला पारा दशलक्षात एक भागाहून अधिक असता कामा नये. परंतु पत्ता नसलेल्या, घटकांची यादी नसलेल्या, गोरे करणाऱ्या क्रीममध्ये तो कित्येक पटींनी सापडतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या लक्षात आले होते. एकोणीस हजारांच्या डबीने तुमचे पैसे गेले. अशा ट्यूबने मूत्रपिंड जाते.

पैसे थोडे अधिक मोजावेत अशा जागाही आहेत. सनस्क्रीन चिकट, पांढरे फटक दिसणारे असेल तर ते आठवड्याने कोपऱ्यात पडते. दोनशे रुपये जास्त देऊन अंगाला सुटसुटीत वाटणारे मिळत असेल तर घ्यावे, कारण लावलेले सनस्क्रीनच उपयोगाचे. व्हिटॅमिन सी १० ते २० टक्के असावे आणि त्याची आम्लता नीट राखलेली असावी. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते तपकिरी पडते, त्यामुळे गडद रंगाची, हवाबंद पंपाची बाटली लागते आणि तिचे चार पैसे जास्त पडतात. इथेच आलिशान काचेच्या डबीचा विनोद आहे. रुंद तोंडाची ती डबी रोज उघडली की हवा आणि बोटे दोन्ही आत जातात, आणि रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन सी असेल तर ते विटते. वीस रुपयांची पत्र्याची ट्यूब त्यापेक्षा चांगले पात्र आहे. उन्हाळ्यात कोणतीही क्रीम स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, आणि मे महिन्यात भिवंडीच्या गोदामातून तापलेल्या ट्रकने येणारे पार्सल तर मागवूच नये.

आता घरी जी डबी आहे तिचे काय करायचे. मुलीने प्रेमाने दिली आहे, तर फेकू नका आणि परत करण्याचाही विषय काढू नका. खोक्यावर भारतातील आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, ते एकदा पाहा. तो नसेल तर वस्तू चोरट्या वाटेने आलेली किंवा नकली असू शकते आणि मग ती चेहऱ्याला लावू नका. असेल, तर तळाशी उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात बारा किंवा सहा असा आकडा दिसेल, तेवढ्या महिन्यांत ती संपवायची असते. रात्री मान, गळा आणि हातांच्या पाठीवर, हात न आखडता लावा. या जागा आपण विसरतो आणि वय तिथेच आधी दिसते. चेहऱ्यासाठी सकाळी टिंटेड सनस्क्रीन, रात्री साधी मॉइश्चरायझर. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून, खाज किंवा लाली येत नाही हे पाहून मगच तोंडाला. वांगाचा फोटो दिवसाउजेडी, खिडकीशी, त्याच जागी उभे राहून आज एक काढून ठेवा आणि ट्रेटिनॉइन सुरू करायचे की नाही ते ठरवायला जूनच्या अखेरीस, शाळा सुरू झाल्यावर, तो फोटो आणि ही यादी घेऊन अमळनेरमध्ये किंवा धुळ्याला जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा जाऊन या.